प्रश्न सरकारचा, उत्तर माणसाचे

इंग्रजीतल्या ‘रेस’ला आपण मराठीत ‘वंश’ म्हणतो खरे, पण त्या अर्थाने हा शब्द आपल्या बोलण्यात कधी रुळला नाही. ‘तुमचा वंश कोणता?’ असे म्हापशाच्या बाजारात कुणाला विचारा. एखादा कूळ सांगेल, एखादा गोत्र सांगेल, एखादा गाव आणि ग्रामदैवत सांगून मोकळा होईल. ‘मी गोरा’ किंवा ‘मी आशियाई’ असे उत्तर कुणी देणार नाही. प्रश्न शुद्ध मराठीत विचारलेला असला तरी ज्या इतिहासातून तो आला, तो इतिहास आपला नव्हे.

अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेल्या मेक्सिकन, डॉमिनिकन, साल्वादोरी किंवा कोलंबियन माणसापुढे सरकारी फॉर्म येतो तेव्हा त्याची गत नेमकी हीच होते. खानेसुमारीच्या फॉर्मवर त्याला दोन प्रश्न विचारले जात आले आहेत. पहिला: तुम्ही हिस्पॅनिक, लॅटिनो किंवा स्पॅनिश मूळ असलेले आहात काय? इथे तो न अडखळता ‘होय, मेक्सिकन’ अशी खूण करतो. लगेच दुसरा: तुमचा वंश कोणता? गोरा, काळा, अमेरिकन इंडियन, निरनिराळे आशियाई, पॅसिफिक बेटांवरचे, आणि तळाला ‘अन्य कोणताही वंश’. या प्रश्नांच्या आधी एक सूचनाही छापलेली असे, की या गणनेपुरते हिस्पॅनिक मूळ म्हणजे वंश नव्हे. म्हणजे आत्ताच ‘मी मेक्सिकन’ असे सांगितलेल्या माणसाला सरकार म्हणते, ते झाले, पण आता खरे काय ते सांगा!

त्यावर लोकांनी काय केले? २००० सालच्या गणनेत ३ कोटी ५३ लाख हिस्पॅनिक मोजले गेले. त्यांपैकी सुमारे ४८ टक्क्यांनी ‘गोरा’ लिहिले आणि सुमारे ४२ टक्क्यांनी ‘अन्य कोणताही वंश’. देशभरात फक्त या ‘अन्य’ रकान्यात खूण केलेल्यांपैकी ९७ टक्के हिस्पॅनिक होते. चुकूनमाकून कुणी उरलाच तर त्याच्यासाठी ठेवलेली ही पडवी. तिथे अख्खा समाज येऊन राहिला.

खानेसुमारीवाल्यांनी याला बराच काळ ‘लोकांचा गोंधळ’ मानले. मला ते पटत नाही. इतकी माणसे, इतकी वर्षे, एकाच जागी खूण करत असतील तर तो गोंधळ नव्हे, ते उत्तर आहे. गोंधळ प्रश्नात आहे.

आधी भाषेचेच बघा. स्पॅनिशमध्ये ‘रासा’ म्हणजे वंश, पण ‘ला रासा’ म्हटले की मेक्सिकन माणसाच्या मनात येतात ती ‘आपली माणसे’. १२ ऑक्टोबर हा कोलंबस पोचल्याचा दिवस अनेक स्पॅनिशभाषिक देशांत ‘रासाचा दिवस’ म्हणून पाळला गेला. मेक्सिकोच्या होसे वास्कोन्सेलोस यांनी १९२५ मध्ये ‘ला रासा कोस्मिका’ हा ग्रंथ लिहून मिश्र रक्ताचा समाज हेच आपले भूषण आहे असे मांडले, आणि क्रांतीनंतरच्या मेक्सिकोने तेच पिढ्यान् पिढ्या शाळेत शिकवले. अशा देशातून आलेल्या माणसाला ‘रासा?’ विचारले तर तो ‘मेहिकानो’ लिहिणार नाही तर काय? डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये सावळ्या माणसाच्या ओळखपत्रावर दीर्घकाळ ‘इंदियो’ लिहीत. त्यातही उजळ इंदियो, गडद इंदियो असे भेद. तो माणूस न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरताच काळा ठरतो. विमानप्रवास चार तासांचा, पण तेवढ्यात माणसाचा वंश बदलतो. कातडी मात्र तीच.

आपण गोव्याची माणसे, आपल्याला यात नवल वाटू नये. स्पॅनिश अमेरिकेत मिश्र संततीच्या वर्गवारीला ‘कास्ता’ म्हणत. तोच शब्द पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आपल्याकडच्या जातींना लावला, आणि तिथूनच इंग्रजांचा ‘कास्ट’ आला. मेक्सिकोत ‘कास्तिसो’ म्हणजे स्पॅनिश आणि मेस्तिसो यांचे मूल. आपल्याकडच्या पोर्तुगीज अमदानीत ‘कास्तिसो’ म्हणजे पोर्तुगीज आईबापांपोटी हिंदुस्थानात जन्मलेला. शब्द एकच, पण एका समुद्राकाठी तो मिश्र रक्त सांगतो आणि दुसऱ्या समुद्राकाठी शुद्ध रक्त! वंशाची नावे निसर्गातून येत नाहीत, राज्यकर्त्यांच्या दप्तरातून येतात, याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

आता अमेरिकेचे दप्तर उघडून पाहू. १७९० च्या कायद्याने परक्यांपैकी फक्त ‘मुक्त गोऱ्या’ माणसाला नागरिक होता येत असे. १८४८ मध्ये मेक्सिकोचा पराभव करून अमेरिकेने त्याचा निम्म्याच्या आसपास मुलूख घेतला आणि तहात तिथल्या रहिवाशांना नागरिकत्व देऊ केले. पुढे १८९७ मध्ये रिकार्दो रोद्रिगेस नावाच्या मेक्सिकन माणसाने टेक्ससमध्ये नागरिकत्व मागितले तेव्हा न्यायाधीशांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. तो गोरा दिसत होता म्हणून नव्हे, तर तहाचा आधार होता म्हणून. इकडे १९२३ मध्ये भगतसिंग थिंद या पंजाबी शिखाला त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘गोरा नाही’ म्हणून नागरिकत्व नाकारले. कागदावरचा गोरेपणा असा तहावर आणि न्यायालयाच्या मर्जीवर ठरत होता.

१९३० च्या खानेसुमारीत ‘मेक्सिकन’ हा वेगळा वंश केला गेला. त्या काळी घरोघर जाणारा गणकच माणसाकडे पाहून वंश लिहीत असे. सुमारे १४ लाख लोक त्या रकान्यात गेले. मंदीचे दिवस, मेक्सिकनांना गाड्यांत भरून सीमेपार धाडण्याचे दिवस. अशा वेळी ‘गोरे नाहीत’ असे सरकारी शिक्कामोर्तब होणे म्हणजे काय, हे ते लोक पुरते जाणून होते. त्यांनी आणि मेक्सिको सरकारने विरोध केला, आणि १९४० मध्ये तो वंश फॉर्मवरून गेला. मेक्सिकन पुन्हा गोरे झाले.

पण या गोरेपणाचा उपयोग कुणाला झाला? टेक्ससमधल्या जॅक्सन काउंटीत पंचवीस वर्षांत एकही मेक्सिकन वंशाचा ज्युरर नेमला गेला नव्हता. पीट हर्नांडेझ याच्या खटल्यात सरकारी पक्ष म्हणाला, मेक्सिकन गोरे, ज्युरीही गोरी, मग भेदभाव कुठे झाला? १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. तरी १९७० मध्ये ह्यूस्टनच्या शाळाखात्याने काळ्यांच्या आणि मेक्सिकनांच्या शाळा एकत्र जोडून ‘गोरे-काळे एकत्र आणले’ असा हिशेब दाखवला. खऱ्या गोऱ्यांच्या शाळांना धक्का नाही! मेक्सिकन पालकांनी मुले शाळेतून काढून घेतली. पूर्वी गोरे म्हणवून घेण्यासाठी धडपडलेला समाज आता ‘आम्हांला गोरे म्हणू नका’ असे म्हणू लागला. यात ढोंग नव्हते. रकान्याचा परिणाम बदलला, म्हणून रकान्याशी असलेले नाते बदलले.

त्यातूनच ‘हिस्पॅनिक’ प्रश्न आला. १९७० मध्ये तो फक्त पाच टक्के घरांना विचारला गेला. त्यात ‘मध्य किंवा दक्षिण अमेरिकन’ असा पर्याय होता, तर अमेरिकेच्याच मध्य आणि दक्षिण भागात राहणाऱ्या पुष्कळ लोकांनी त्यावर खूण करून ठेवली. गोंधळ म्हणायचा तर याला म्हणावे. १९७७ मध्ये सरकारने नियम केला की वंश चार, आणि हिस्पॅनिक हा वंश नव्हे, ती वेगळी बाब. १९८० पासून प्रश्न सर्वांना आला. यात कमावलेलेही खूप आहे, ते नाकारता येणार नाही. १९७५ मध्ये मतदान हक्क कायद्यात भाषिक अल्पसंख्याकांना संरक्षण मिळाले. स्पॅनिशमधली मतपत्रिका कुठे द्यायची हे आकड्यांवर ठरते. ज्याची मोजदाद नाही त्याची दखल नाही.

म्हणूनच ‘असे रकाने काढूनच टाका, माणूस म्हणून मोजा’ हे म्हणणे मला गोड पण फसवे वाटते. रकाना गेला म्हणून घर भाड्याने नाकारणारा मालक सुधारत नाही. फक्त त्याने किती जणांना नाकारले, हे कळेनासे होते.

माझा आक्षेप वेगळा आहे. माणसाने सांगितलेले उत्तर सरकार स्वतःच्या सोयीने बदलते, तो आहे. २०२० च्या गणनेत गोरा आणि काळा या रकान्यांखाली मूळ देश लिहायला जागा दिली होती. चांगली सोय. पण कुणी ‘गोरा’वर खूण करून खाली ‘मेक्सिकन’ लिहिले की कार्यालयाच्या संकेतांप्रमाणे त्याच्या नावावर ‘गोरा’ आणि ‘अन्य’ असे दोन वंश चढत. परिणाम बघा. २०१० मध्ये ५३ टक्के हिस्पॅनिक फक्त गोरे होते, २०२० मध्ये अवघे २० टक्के. एकापेक्षा अधिक वंशांचे झाले जवळजवळ ३३ टक्के. पोर्तो रिको बेटावर फक्त गोऱ्यांचे प्रमाण दहा वर्षांत ७५.८ वरून १७.१ टक्क्यांवर आले. वर्तमानपत्रांनी ‘बहुवंशीय अमेरिका’ अशा बातम्या दिल्या. पॉल स्टार आणि ख्रिस्तिना पाओ या प्रिन्स्टनच्या अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले की या वाढीचा मोठा भाग या नव्या संकेतांतून निघालेला आहे.

उलट दिशेचे उदाहरण ब्राझीलचे. ते आपल्याला जवळचे, कारण त्यांच्यावरही पोर्तुगीजांचेच राज्य होते. पोर्तुगीज बोलणारा ब्राझिलियन सरकारी व्याख्येत हिस्पॅनिक नाही. त्याने ‘होय’ लिहिले तर छाननीत त्याचे ‘नाही’ केले जाते. २०२० च्या वार्षिक पाहणीत ही दुरुस्ती करायची राहून गेली, आणि किमान ४ लाख १६ हजार ब्राझिलियन स्वतःला हिस्पॅनिक किंवा लॅटिनो म्हणवतात हे उघड झाले. आदल्या वर्षी हाच आकडा १४ हजार छापला होता. इतकी माणसे दरवर्षी काहीतरी सांगत होती आणि दरवर्षी ते खोडले जात होते. चूक झाली म्हणून खरे कळले!

लॅटिनो समाजातही सगळे एका रांगेत उभे नाहीत. कॅलिफोर्नियाच्या शेतांत राबणारे ओहाकाचे मिश्तेक आणि सापोतेक स्वतःची भाषा बोलतात, स्पॅनिश त्यांना परकीच. २०२० मध्ये ‘अमेरिकन इंडियन’ रकान्यात केवळ ‘अझ्टेक’ असे मूळ सांगणारे ३ लाख ८७ हजार निघाले, केवळ नाव्हाजो सांगणाऱ्यांहूनही अधिक. मार्च २०२४ मध्ये अमेरिकन सरकारने दोन प्रश्न मोडून एकच करण्याचा नियम जाहीर केला. त्यात ‘हिस्पॅनिक किंवा लॅटिनो’ हा इतरांच्या बरोबरीचा रकाना, आणि एकाहून अधिक खुणांना मुभा. ‘अन्य’च्या पडवीत बसलेल्यांना घरात घेतले, हे बरेच झाले. पण काळे लॅटिनो म्हणतात, आता बहुतेक जण एकच खूण करून मोकळे होतील आणि आमचा काळेपणा आकड्यांतून पुसला जाईल. पोलिसांना आमची कातडी दिसणारच, फक्त सरकारला दिसणार नाही. हा आक्षेप मला रास्त वाटतो.

रकान्यांचा हा खेळ आपल्यालाही नवा नाही. अमेरिकेच्या १९२० ते १९४० च्या गणनांत ‘हिंदू’ हा वंश होता, १९७० मध्ये भारतीय गोरे मोजले गेले, आणि १९८० मध्ये खटपटीनंतर ‘एशियन इंडियन’ झाले. घरच्या अंगणातले पाहिले तर, २०११ च्या खानेसुमारीत गोव्यात मातृभाषा कोकणी सांगणारे ६६ टक्के आणि मराठी सांगणारे ११ टक्के. घरात एक बोलणारा, पोथी दुसरीत वाचणारा, भजन, नाटक आणि वर्तमानपत्र यांसाठी मराठीकडेच येणारा आपला माणूस त्या एका रकान्यात कोणती खूण करतो, आणि त्या खुणेवरून मग कोण काय सिद्ध करू पाहतो, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. सरकारने जरूर विचारावे. पण एकाहून अधिक खुणा करू द्याव्यात, स्वतःच्या शब्दांत लिहायला जागा द्यावी, आणि लिहिलेले शब्द जसेच्या तसे जपून ठेवावेत. बेरजेसाठी गट पाडायचेच असतील तर ते कसे पाडले हे आकड्याशेजारी छापावे. आणि मागच्या गणनेपासून पद्धत बदलली असेल तर ‘समाज बदलला’ अशी दवंडी पिटू नये. २०२७ च्या खानेसुमारीत जातीचीही नोंद करण्याचा निर्णय भारत सरकारने २०२५ मध्ये घेतला. हजारो नावे, पोटनावे, एकाच जातीची तालुक्यागणिक वेगळी नावे कागदावर येतील, आणि ती कुठल्या गटात टाकायची हे कार्यालयात बसून कुणीतरी ठरवील. ‘कास्ता’ हा शब्द पोर्तुगीजांनी आपल्याला चिकटवला तेव्हा आपल्याला कुणी विचारले नव्हते. आता विचारणार आहेत, तर आपण जे सांगू तेच लिहिले जाते आहे ना, एवढे तरी पाहायला हवे.