मांड आधी, बाण नंतर
संगणकावर घोडेस्वार तिरंदाज रंगवणारी मुलं बहुतेकदा हातांपासून सुरुवात करतात, आणि तिथेच चित्र फसतं. धनुष्य कानापर्यंत ताणलेलं, चेहरा करारी, पण स्वार खुर्चीत बसावा तसा खोगिरावर टेकलेला. मंगोल धनुर्धर असा बसत नसे. तो रिकिबीत पाय रोवून किंचित उठायचा. घोड्याचे हिसके गुडघे आणि घोटे झेलायचे, त्यामुळे कमरेवरचं अंग स्थिर राहायचं. म्हणून ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वाराचा सांगाडा वाकवताना मी आधी पावलं रिकिबीत अडकवते, मग कंबर उचलते, खांदे सगळ्यात शेवटी. लगाम हातात नकोच, तो घोड्याच्या मानेवर सैल सोडायचा. दोन्ही हात धनुष्यात गुंतलेले असतात. दोरी ओढायची अंगठ्याने, आणि उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण धनुष्याच्या उजव्या अंगाला टेकतो. युरोपीय तीन बोटांच्या पद्धतीत तो डावीकडे असतो. एवढं चुकलं तरी जाणकाराचा चित्रावरचा विश्वास उडतो. आणि घोडा? १८७८ मध्ये छायाचित्रकार मायब्रिजने कॅलिफोर्नियात दौडत्या घोडीची छायाचित्रं काढली, तेव्हा दिसलं की चारही खूर हवेत असतात ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. जुन्या चित्रांतल्यासारखे पुढेमागे फाकलेले असताना नव्हे. बाण सोडायला मी हाच क्षण निवडते, कारण तेव्हा जमिनीचा धक्का नसतो. मग उरते नजर. ती बाणाच्या टोकावर नको, लक्ष्यावर हवी.