विश्लेषण : बॉडी १९५० ची, चासी १९९८ ची, मग गाडी कोणत्या सालची?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ऑगस्ट २०२५ मध्ये एक विधेयक अडकले. ३५ वर्षांहून जुन्या आणि संग्राह्य वाहन म्हणून विमा उतरवलेल्या गाड्यांना धूरतपासणीतून सूट द्यावी, अशी त्यात तरतूद होती. विनोदी कलाकार आणि गाड्यांचे संग्राहक जे लेनो यांनी त्याचा जोरदार पुरस्कार केल्याने ते ‘लेनोज लॉ’ म्हणून ओळखले गेले. सिनेटची मंजुरी मिळालेले हे विधेयक असेंब्लीच्या अर्थविषयक समितीत थांबले. त्यामुळे १९७५ पर्यंतच्या मॉडेलच्या पेट्रोल गाड्यांनाच सूट, हा जुना नियम कायम राहिला.

नियम वाचायला सोपा आहे. गाडीचे साल बघायचे आणि तपासणी लागते की नाही ते ठरवायचे. मात्र अमेरिकेतील गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे एक उद्योग सुरू आहे, ज्यात हे सालच सापडत नाही. १९५० च्या आसपासच्या पिकअप ट्रकची केबिन, बॉनेट आणि मागचा हौदा उतरवायचा आणि तो अलीकडच्या पिकअपच्या चासीवर चढवायचा. वरून आजोबांच्या काळातील ट्रक, खालून आजची गाडी. अशा गाडीचा जन्म कधीचा मानायचा, यावर तिची तपासणी, कर, विमा, आणि प्रसंगी ती मालकाकडे राहणार की नाही, हेही ठरते.

हे शक्य कसे होते?

आजच्या बहुतेक मोटारी ‘मोनोकॉक’ पद्धतीच्या असतात. त्यात बॉडी आणि सांगाडा वेगळा नसतो. पत्राच भार पेलतो. अशा गाडीची बॉडी ‘उतरवणे’ म्हणजे गाडी कापणेच. पिकअपचे तसे नाही. दोन लांब पोलादी दांडे आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे, असा शिडीसारखा सांगाडा खाली असतो. इंजिन, गिअरबॉक्स, चाके, स्टिअरिंग हे सारे त्या शिडीला जोडलेले असते. केबिन आणि हौदा वर रबरी बुश घालून बोल्टने आवळलेले असतात. बोल्ट सोडले, वायरिंग, ब्रेकच्या नळ्या आणि स्टिअरिंगचा दांडा मोकळा केला की बॉडी क्रेनने उचलता येते. शेवरोलेचा १९४७ ते १९५५ दरम्यानचा ३१०० असो, फोर्डचा १९४८ ते १९५२ चा एफ-१ असो किंवा आजचा एफ-१५०, मूळ रचना हीच.

जुनी चासी का नको?

कारण ती आजच्या रस्त्यासाठी बनलेलीच नाही. त्या काळच्या शेवरोले ट्रकला पुढे अखंड एक्सल आणि पाटे होते. चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि ब्रेक ऑइलचा एकच मार्ग, म्हणजे एका चाकाची नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. पॉवर स्टिअरिंग नव्हतेच. विजेची यंत्रणा सहा व्होल्टची. साडेतीन लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनाची ताकद सुमारे ९० अश्वशक्ती आणि मागच्या एक्सलचे गिअर ओझे ओढण्यासाठी ठेवलेले. त्यामुळे ताशी ८० किलोमीटरच्या पुढे इंजिन ओरडू लागते. शेतावरून बाजारात जाण्यासाठी हे पुरेसे होते. आजच्या महामार्गावर असा ट्रक स्वतःला आणि मागून येणाऱ्यालाही जोखीम ठरतो. हे सगळे एकेक करून बदलण्यापेक्षा अख्खी चासीच बदललेली बरी, असा हिशेब त्यातून निघतो.

कोणती चासी चालते?

येथे दिसण्यापेक्षा मोजमाप महत्त्वाचे. शेवरोले ३१०० च्या पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर, म्हणजे व्हीलबेस, ११६ इंच. त्याच कंपनीच्या छोट्या एस-१० पिकअपच्या (१९८२ ते २००४) लांब हौद्याच्या आवृत्तीचा व्हीलबेस ११७.९ इंच. फरक दोन इंचांहूनही कमी. म्हणून ही जोडी हौशी मंडळींत लोकप्रिय झाली. आजच्या मोठ्या पिकअपची चासी मजबूत असली तरी रुंद आहे. तिच्यावर जुनी बॉडी ठेवली की टायर मडगार्डच्या बाहेर येतात. फोर्डच्या बाजूला एक वेगळीच युक्ती रूढ आहे. २००३ ते २०११ दरम्यानच्या क्राउन व्हिक्टोरिया मोटारीचे पुढचे सस्पेन्शन अॅल्युमिनियमच्या एका स्वतंत्र पाळण्यात बसवलेले आहे. ते अख्खे उचलून जुन्या एफ-१०० च्या चासीखाली बसवतात. ही गाडी पोलीस आणि टॅक्सीचालकांची लाडकी असल्याने तिचे सुटे भाग भंगारात मुबलक आहेत.

व्हीलबेस जुळला म्हणजे काम झाले असे मात्र नाही. बॉडीचे बोल्ट नव्या चासीवरील जागांशी जुळत नाहीत, त्यामुळे नवे ब्रॅकेट बनवून वेल्ड करावे लागतात. गिअरबॉक्स उंच पडला तर केबिनचा तळ कापावा लागतो. रेडिएटर, स्टिअरिंगचा दांडा, पेडल, पेट्रोलची टाकी, सगळ्यांच्या जागा नव्याने ठरवाव्या लागतात. या कामात चुकीचा वेल्ड सर्वांत घातक. पोलादाला जास्त उष्णता लागली की वेल्डलगतचा भाग बदलतो आणि हजारो धक्क्यांनंतर तडा तिथूनच जातो. नव्या चासींमध्ये उच्च ताकदीचे पोलाद वापरतात, तिथे ही अडचण आणखी वाढते. ही डोकेदुखी नको असलेल्यांसाठी वॉशिंग्टन राज्यातील आर्ट मॉरिसन किंवा इलिनॉयमधील रोडस्टर शॉपसारख्या कंपन्या जुन्या बॉडीच्या मापाने कोरी चासीच बनवून देतात. खर्च अर्थातच मोठा. भंगारातल्या एस-१० शी त्याची तुलना होत नाही.

नवी चासी म्हणजे नवी सुरक्षा?

अर्धीच. थांबणे आणि वळणे नक्कीच सुधारते. पण आदळल्यावर काय होते, हा प्रश्न बॉडीचा आहे आणि बॉडी १९५० चीच आहे. आजच्या पिकअपमध्ये पुढचा भाग ठरवून चुरगळतो, दारांत आडवे पोलादी दांडे असतात, स्टिअरिंगचा दांडा छातीत घुसू नये म्हणून कोसळतो, एअरबॅग सेन्सरच्या इशाऱ्यावर फुगतात. हे सारे एका केबिनचे गणित मांडून बसवलेले असते. ती केबिनच काढून टाकली की सेन्सर कशाचा अंदाज घेणार? म्हणून असे ट्रक बहुधा एअरबॅगविनाच धावतात. सीटबेल्ट बसवले तरी ते पातळ जुन्या पत्र्याला बोल्ट केले तर धक्क्यात पत्राच फाटू शकतो. त्यासाठी खाली पोलादी तगट किंवा चासीपर्यंत आधार द्यावा लागतो. प्रदर्शनात चकाकणाऱ्या रंगाखाली हे काम झाले आहे की नाही, ते खरेदीदाराला दिसत नाही.

गाडीची ओळख कुठे असते?

मुळात हाच या सगळ्याचा गाभा. १७ अक्षरी वाहन क्रमांकाची एकसमान पद्धत अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलपासून आली. त्याआधी ज्या-त्या कंपनीची आपली रीत होती. जुन्या शेवरोले ट्रकच्या क्रमांकाची पट्टी दाराच्या खांबावर, म्हणजे केबिनवर. फोर्ड एफ-१ चा क्रमांक चासीच्या दांड्यावरही कोरलेला. काही राज्यांत तर त्या काळी इंजिनाचा क्रमांकच मालकीपत्रावर लिहीत. आता १९५० ची शेवरोले केबिन १९९८ च्या एस-१० वर बसवली तर त्या वाहनावर दोन क्रमांक येतात. वर एक, खाली एक. फोर्डच्या बाबतीत तर जुनी चासी भंगारात गेली की मूळ क्रमांकाचा पक्का पुरावाच गेला.

मालकाला साहजिकच जुना क्रमांक हवा असतो. त्यावर धूरतपासणी नाही, विमा स्वस्त आणि विकताना भावही चांगला. परंतु एका गाडीची क्रमांकपट्टी दुसरीवर लावणे हीच चोरीची गाडी लपवण्याची जुनी रीत आहे. त्यामुळे क्रमांक जाणूनबुजून काढणे किंवा बदलणे हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा असून त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुरुस्तीसाठी आवश्यक असल्यास अपवाद आहे, पण तो सिद्ध करण्याची वेळ येणे हेच संकट असते.

कॅन्सस राज्यातील एक प्रकरण या संदर्भात नेहमी सांगितले जाते. इंडियानातून विकत आणलेली १९५९ ची कॉर्व्हेट २०१७ मध्ये नोंदणीसाठी तपासणीला नेली असता तिची क्रमांकपट्टी पूर्वी काढून पुन्हा बसवलेली आढळली. नूतनीकरणात रंगकामासाठी पट्टी काढणे हे गॅरेजमध्ये सर्रास चालते. तरीही गाडी जप्त झाली आणि तेव्हाच्या कायद्यानुसार ती चिरडून टाकण्याची वेळ आली होती. मालकाने चोरी केली असे कोणाचेच म्हणणे नव्हते. अखेर २०२२ मध्ये कॅन्ससने कायदा बदलला आणि जुन्या गाडीच्या दुरुस्तीसाठी पट्टी काढणे-बसवणे मान्य केले. एक गाडी वाचवायला विधिमंडळ लागले. तिथे तर चासीही मूळचीच होती. बदललेल्या चासीच्या ट्रकमालकाची बाजू त्याहून कितीतरी कमकुवत असते.

सरळ मार्गही आहे. अनेक राज्यांनी ‘स्ट्रीट रॉड’ आणि ‘कस्टम’ असे वेगळे वर्ग केले आहेत आणि गाडी ज्या सालच्या मॉडेलसारखी दिसते, ते साल नोंदवतात. कॅलिफोर्नियात अशी जोडगाडी ‘विशेष बांधणीचे वाहन’ ठरते. दर वर्षी पहिल्या ५०० अर्जदारांना धूरतपासणीसाठी बॉडीचे किंवा इंजिनाचे साल निवडता येते. चार कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या राज्यासाठी ५०० हा आकडा किती, हे सांगायला नको. उरलेल्यांना इंजिनाच्या मापदंडांशी झगडावे लागते किंवा जुने कागद पुढे करून गप्प बसण्याचा मोह होतो. दुसरी वाट निवडणाऱ्यांची अडचण अपघातानंतर सुरू होते. विमा १९५० च्या ट्रकचा आणि खाली चासी १९९८ ची निघाली, तर दाव्यावर प्रश्न उभा राहतो.

भारतात असे करता येईल?

चासी वेगळी आणि बॉडी वेगळी ही कल्पना इथे नवी नाही. ट्रकमालक नुसती चासी घेऊन बॉडी बांधून घेत आले आहेत. एसटी महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील कार्यशाळांत चासीवर बस बांधल्या गेल्या. अॅल्युमिनियमच्या जुन्या बस उतरवून त्याच चासीवर माइल्ड स्टीलची बॉडीही चढवली गेली. पण ते नियमांच्या चौकटीतले काम, आणि त्यात चासी क्रमांक जागेवरच राहतो. भारतात वाहनाची ओळख चासी क्रमांकानेच होते. त्यामुळे जुनी बॉडी नव्या चासीवर बसवली, तर कायद्याच्या नजरेत ती नवीच गाडी, फक्त बेकायदा बदल केलेली.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ इथे आडवे येते. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील प्रकरणात स्पष्ट केले, की उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही. हरियाणातील मंडी डबवालीसारख्या, जुन्या जीपच्या फेरबांधणीसाठी प्रसिद्ध गावांतील धंद्यावरही याच कलमाची टांगती तलवार आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगीविना बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

उरतो व्हिंटेज नोंदणीचा पर्याय. जुलै २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट दिली. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे. गाडी मात्र प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि देखभालीपुरतीच रस्त्यावर आणायची. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नसावा, ही अट आहे. म्हणजे चासी बदललेला ट्रक बादच. आणि चासी मूळची ठेवली तरी पिकअपचे भागत नाही. हे नियम दुचाकी आणि एम१ वर्गासाठी, म्हणजे प्रवासी मोटारींसाठी आहेत. मालवाहू म्हणून नोंदलेला पिकअप त्यात बसत नाही.