इल-अॅडव्हाइज्ड

परवा पुतणीनं अभ्यास करता करता विचारलं, "काका, इल-अॅडव्हाइज्ड म्हणजे काय हो?" मी पटकन म्हणालो, "अविचारी." तिनं लिहून घेतलं. पण मला काही ते पटेना.

शब्द फोडून बघा. अॅडव्हाइस म्हणजे सल्ला. ज्याला सल्लाच चुकीचा मिळाला, तो इल-अॅडव्हाइज्ड. इंग्रजीत आता हा शब्द सरसकट 'शहाणपणाचं नसलेलं' अशा अर्थानं वापरतात, सल्ला देणारा कुणी असो वा नसो. तरी शब्दात सल्ला आहेच. आपल्या 'अविचारी'त मात्र माणसानं विचारच केला नाही, असा ठपका असतो.

मला कुरुंदवाडचे मामा आठवले. ऑगस्ट २०१९. पाणी चढत होतं, मी फोनवर सांगत होतो, जयसिंगपूरला या. मामा म्हणाले, "२००५ ला पायरीला लागून पाणी परत गेलं. आता काय हुतंय?" धान्य माळ्यावर टाकलं, जनावरं उंचावर नेऊन बांधली आणि रात्रभर जागत बसले. तिकडं कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शेवटी मामा-मामींना बोटीतून काढावं लागलं. आमच्याकडे आल्यावर जो तो त्यांना ऐकवत होता, "कसला हा अविचारीपणा!" मामा मान खाली घालून चहा पीत होते. ऐकवणाऱ्यांत मीही होतो.

आज वाटतं, मामांनी विचार केलाच होता. फक्त त्यांना सल्ला देणारी होती भिंतीवरची २००५ ची रेघ. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेल्या पाण्यावर भरवसा नाही ठेवायचा, तर कशावर?

माणसाला अविचारी म्हटलं की विषय संपतो. चूक त्याची, आपण शहाणे. सल्ला कुणाचा होता, असं विचारलं तर पुढच्या वेळी काही उपयोग तरी होतो. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, तेव्हा मामा पाणी यायच्या आधीच आमच्या दारात हजर. म्हणाले, "रेघेचं काय खरं नाही बाबा."

असो. पुतणीला वहीत दुरुस्ती करायला लावली : 'चुकीच्या भरवशावर केलेलं'. तिच्या बाई मार्क देतील की नाही, देव जाणे!