चाहूल पुरे, चित्र नको

सातारा-सांगलीतून माणसं बाहेर जाणं आजचं नाही. खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक सोनं-चांदी गाळायला देशभर पांगले, पाटण-जावळीची माणसं मुंबईत माथाडी झाली आणि पुढे इंजिनिअर झालेली पोरं हिंजवडीला गेली. २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली, तर सांगलीची ९ आणि साताऱ्याची जेमतेम ७ टक्क्यांनी. या फरकामागे स्थलांतराचा वाटा मोठा आहे. मागे घरात राहतात आईवडील, पुष्कळदा दोघांपैकी एकच. मग दिवाळीला आलेला मुलगा सोप्यात एक आणि स्वयंपाकघरात एक कॅमेरा लावून जातो. त्याची काळजी खरी आहे, पण उपकरणाची निवड चुकली आहे. त्याला हवं आहे ते एवढंच : आई उठली का, घरात वावरते आहे का, कुठे पडून तर राहिली नाही ना. त्यासाठी तिचं चित्र लागत नाही. चाहूल घेणारा सेन्सर पुरतो, आणि कॅमेरा जिथे लावताच येत नाही तिथेही तो लावता येतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, पण घरातल्या कॅमेऱ्यापुढे त्याचा आईला फारसा उपयोग नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा घरगुती कारणासाठी एखाद्या व्यक्तीने हाताळलेल्या माहितीला लागूच होत नाही. म्हणजे पदर सावरायचा की नाही, दुपारी जमिनीवर आडवं व्हायचं की नाही, याचा विचार आपल्याच घरात करायची वेळ आली, तर तिने दाद मागायची कोणाकडे? हा प्रश्न मुलानेच, तोही वस्तू विकत घेण्याआधी सोडवायला हवा.

बाजारात मुख्यतः दोन जाती आहेत. पहिला पीआयआर, म्हणजे साधा मोशन सेन्सर. माणसाच्या अंगातून निघणाऱ्या अवरक्त किरणांतला बदल तो टिपतो. स्वस्त असतो, छोट्या बॅटरीवर वर्ष-दोन वर्षं चालतो. पण माणूस खुर्चीत स्तब्ध बसला की त्याच्या लेखी खोली रिकामी. शिवाय अंग आणि भिंत यांच्या तापमानातल्या फरकावर त्याचा जीव. एप्रिल-मे महिन्यांत सांगली-जतकडे पारा चाळिशीला टेकला, की तो फरकच उरत नाही आणि सेन्सर मंदावतो. समोरून चालत येणाऱ्यापेक्षा आडवं जाणारं माणूस त्याला लवकर दिसतं, म्हणून तो बोळाच्या टोकाला न लावता बाजूच्या भिंतीवर लावावा. गॅस, बंब आणि पश्चिमेची खिडकी त्याच्या नजरेसमोर नको. दुसरा मिलीमीटर-वेव्ह रडार. श्वासाबरोबर छाती किंचित हलते, तेवढ्यावरून तो बसलेल्या, झोपलेल्या माणसाची उपस्थिती ओळखतो. दुकानदार यालाच ‘लेटेस्ट’ म्हणून पुढे करतो, आणि आपल्याकडे फसगत होते ती इथेच. फिरता पंखा आणि हलता पडदा यांनाही तो माणूस समजू शकतो. पातळ प्लायवूडच्या पलीकडचं त्याला दिसतं, तर छताच्या पत्र्यावरून लहरी उलटून गोंधळ होतो. वर्षातले आठ महिने पंखा चालणाऱ्या आणि पत्र्याचं छत असलेल्या घरात हा महागडा सेन्सर सोप्यात लावणं म्हणजे घरात कायम कोणीतरी आहे असं कबूल करून घेणं. त्याला सतत वीजही लागते. म्हणून स्वयंपाकघर आणि बोळात पीआयआर, पुढच्या दाराला उघडझाप सांगणारा साधा सेन्सर, आणि रडार फक्त बाथरूममध्ये, अशी वाटणी मला पटते. तिथे छताला पंखा नसतो, ओल्या फरशीवर पाय घसरण्याची भीती तिथेच जास्त, आणि पडलेलं माणूस हालचाल करीलच असं नाही.

खर्चाचा आक्षेप रास्त आहे. ‘वीज वाचेल’ या जाहिरातीवर तर अजिबात विसंबू नये. नऊ वॅटचा एलईडी दिवा रोज चार तास फुकट जळला, तरी वर्षाला तेरा युनिट होतात. युनिटला दहा रुपये धरले तरी सव्वाशे-दीडशेचा मामला. दिव्यापुरता सेन्सर परवडत नाही हे सरळ मान्य करावं. सुरक्षिततेसाठी घ्यायचा असेल तरच घ्यावा. वीज जाण्याचा मुद्दा अधिक गंभीर आहे. वीज गेली की राउटर बंद, आणि परदेशातल्या सर्व्हरवर अवलंबून असलेला सेन्सर मुका. म्हणून राउटर इन्व्हर्टरवर घेणं आणि इंटरनेट नसतानाही घरातली घंटा वाजवू शकेल अशी यंत्रणा निवडणं, या दोन अटी वायरमनला आधीच सांगाव्यात. चोरासाठी दाराबाहेर कॅमेरा असावा, यालाही माझा विरोध नाही. आणि चित्र नसलेली माहिती निरुपद्रवी असते, असंही नाही. आई रात्री किती वेळा उठते, हे रडारवरूनही कळतं.

त्यामुळे सेन्सरही तिला विचारूनच लागला पाहिजे. म्हाताऱ्यांना यातलं काय कळतं, हा युक्तिवाद या भागात तरी कोणी करू नये. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये ग्रामसभेत ठरवून संध्याकाळी सातच्या भोंग्याला दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. यंत्र घरात किती शिरू द्यायचं, हे गाव बसून ठरवू शकतं, तर आईही ठरवू शकते. सकाळी आठपर्यंत स्वयंपाकघरात हालचाल नसेल तर निरोप जावा की नऊपर्यंत, एकादशीला वेळ वेगळी ठेवायची का, बाथरूममध्ये किती मिनिटांनी घंटा वाजावी, हे आकडे तिनेच सांगावेत. पहिला निरोप कोणाला जावा, हेही. पुण्याहून विट्याला पोचायला तीन-चार तास लागतात, कोलकात्याच्या गलाई दुकानातून तर दुसरा दिवस उजाडतो. तेव्हा यादीत पहिला नंबर शेजारणीचा हवा, मुलाचा दुसरा. आणि त्या शेजारणीकडे घराची एक किल्लीही असायला हवी.