पाकिटावरची बारीक अक्षरे

मुलांनो, घरात महिन्याचा किराणा आणावयाचा असला की यादी आई सांगते, पैसे बाबा मोजतात आणि पिशवी तुमच्या हाती येते. पिशवी उचलण्यापलीकडे ह्या व्यवहारात तुमचे काही काम असेल, असे कोणास वाटत नाही. माझे मत ह्याहून निराळे आहे. ज्या मुलाला भागाकार येतो आणि बारीक अक्षरे वाचता येतात, त्यानेच खरेदीच्या वेळी सर्वांच्या पुढे उभे राहावे. हे मी थट्टेने म्हणत नाही. आपल्या अहेरीच्या परिसरात तर ह्याला फार जुने कारण आहे.

एके काळी ह्या वनप्रदेशात मीठ फार दुर्मीळ होते. समुद्र शेकडो कोस दूर. बैलगाडीने, डोक्यावरून, मजल दरमजल करीत मीठ येथवर येई. रानातील माणूस उन्हातान्हात हिंडून चारोळी गोळा करी आणि व्यापाऱ्याला एक माप चारोळी देऊन त्याच्याकडून एक माप मीठ घेई. शहरात त्या चारोळीचे मोल मिठाच्या कितीतरी पट होते. पण ते त्या भल्या माणसाला सांगणार कोण? तराजूची दोन्ही पारडी अगदी बरोबर राहत, आणि तरीही तो लुटला जाई. शिवाय मापेही गावोगावी वेगळी असत. एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीस मिळेल, असा भरवसा नसे. स्वतंत्र भारताने १९५६ साली वजनमापांचा कायदा केला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो व ग्रॅम आले, तेव्हा कुठे सगळ्या देशाचे माप एक झाले. आजही आठवडी बाजारात दुकानदाराच्या वजनांवर सरकारी तपासणीची मुद्रा उमटवलेली असावी लागते. पुढच्या बाजाराला तेलुगू, गोंडी, माडिया आणि मराठी अशा चार बोलींच्या गलबल्यात उभे राहाल, तेव्हा ती मुद्रा जरूर शोधा.

आता मीठ मुबलक झाले आहे. परंतु किमतीचे कोडे मात्र तराजूतून निघून पाकिटात जाऊन बसले आहे. पाकिटावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते, व तिच्यात सर्व कर धरलेले असतात. ‘कमाल’ ह्या शब्दाचा अर्थ नीट ध्यानात घ्या. तिच्याहून कमी किंमत घेण्यास दुकानदार मोकळा आहे. गाडीभाडे लागते किंवा शीतपेटीचा खर्च येतो, म्हणून तिच्याहून एक रुपयाही अधिक मागण्याचा अधिकार त्यास नाही. तसे घडल्यास १९१५ ह्या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राकडे तक्रार करता येते.

दुसरी गोष्ट थोडी अवघड आहे, पण तीच मला अधिक मोलाची वाटते. पूर्वी चहा, बिस्किटे, डाळी, खाद्यतेल असे काही जिन्नस ठरावीक वजनांच्या पाकिटांतच विकावे लागत. २०२१ साली नियमांत दुरुस्ती झाली आणि ते बंधन गेले. तेव्हापासून कारखानदार हव्या त्या वजनाचे पाकीट काढू शकतो. दहा रुपयांचे पाकीट दहा रुपयांचेच राहते, चित्रही तेच राहते. आतला ऐवज मात्र हळूच घटतो. ह्यावर उपाय म्हणून त्याच दुरुस्तीने पाकिटावर एकक किंमत छापणे भाग केले. माल एक किलोहून कमी असेल तर दर ग्रॅमला किती आणि अधिक असेल तर दर किलोला किती, हे तेथे लिहिलेले असते. अक्षरे इतकी बारीक असतात की माझ्यासारख्या म्हाताऱ्याला चष्मा पुसून पुसून वाचावी लागतात. तुमचे डोळे तरुण आहेत, तेव्हा ते काम तुमचे!

समजा, चहाचे शंभर ग्रॅमचे पाकीट पन्नास रुपयांस आहे आणि अडीचशे ग्रॅमचे एकशे चाळीस रुपयांस. मोठे पाकीट स्वस्त पडते, असे सारे जग मानते. भागाकार करून पाहा. लहान पाकिटात ग्रॅमला पन्नास पैसे पडतात, मोठ्यात छप्पन्न! येथे जगाचे म्हणणे खोटे ठरले. पुष्कळदा ते खरेही ठरते; म्हणूनच अंदाजावर न विसंबता हिशेब करावा. तेलाच्या बाबतीत तर आणखी जपले पाहिजे. तेल पाण्याहून हलके असते. एक लिटर तेलाचे वजन सुमारे नऊशे दहा ग्रॅम भरते. आता एका पाकिटावर ‘एक लिटर’ लिहिले आहे आणि शेजारच्या, दिसायला तेवढ्याच, पाकिटावर ‘८०० ग्रॅम’. दुसऱ्यात तेल सुमारे आठशे ऐंशी मिलिलिटरच आहे. ते पाच रुपयांनी स्वस्त दिसले, तरी खरोखर स्वस्त आहे काय, हे वहीत मांडूनच कळेल.

सुट्या मालाविषयी आपल्याकडे उगीच एक हलकी समजूत पसरली आहे. चकचकीत पाकीट ते चांगले आणि गोणीतली डाळ ती कमी प्रतीची, असे नाही. १८ जुलै २०२२ पासून छापील वेष्टनातील तांदूळ, डाळ, पीठ ह्यांवर पाच टक्के कर आला. सुट्या धान्यावर तो नाही. डाळ हातात घेऊन पाहावी, खडे आहेत काय, कीड लागली आहे काय ते बघावे, आणि मग सुटीच घ्यावी. तिखट, हळद यांत मात्र भेसळीचे भय असल्यामुळे मी बंद पाकीटच पसंत करतो.

हल्ली दुकान मोबाइलमध्येही शिरले आहे. बोटाने खूण करावी आणि वस्तू घरी यावी, ही सोय खरीच मोठी आहे. पुस्तके, वह्या, एखादे औषधी तेल अशा गोष्टी पूर्वी चंद्रपूर-नागपूरला गेल्याशिवाय मिळत नसत. त्या आता दारी येतात. मी स्वतः शब्दकोश अशाच रीतीने मागविला. परंतु रोजच्या किराण्याचे गणित निराळे आहे. मीठ, तांदूळ, गूळ हे जड आणि कमी किमतीचे जिन्नस. त्यांच्यावर पोहोच-आकार चढला की स्वस्ताई कोठल्या कोठे जाते. त्यातच ‘एवढ्या रुपयांचा माल घ्या म्हणजे पोहोच फुकट’ असे आमिष असते. चाळीस रुपये वाचविण्यासाठी दीडशे रुपयांची नको असलेली वस्तू घेणारे शहाणेसुरते लोक मी पाहिले आहेत. ‘शेवटचे दोनच नग उरले’ अशी खोटी घाई करणे, न मागितलेली वस्तू गुपचूप यादीत घालणे, अखेरच्या क्षणी नवे आकार लावणे, असल्या क्लृप्त्यांना केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये मनाई केली आहे. मनाई झाली म्हणून क्लृप्त्या संपत नाहीत, हे तुम्हांस सांगावयास नकोच. पैसे देण्यापूर्वी एकूण रक्कम पाहावी, तीत पोहोच-आकार धरावा आणि मग गावातल्या दुकानाच्या भावाशी ताडून पाहावे.

येथे कोणी म्हणेल, ‘दोन-पाच रुपयांसाठी एवढा खटाटोप कशाला?’ रोज दोन रुपये वाचले तर वर्षाकाठी सातशे तीस रुपये होतात. तेंदूपानाच्या हंगामावर ज्यांचे वर्ष अवलंबून असते, त्या घरात सातशे तीस रुपये म्हणजे पोरीची चप्पल, वह्या आणि एखाद्या तापाचे औषध. तेवढ्या रकमेसाठी उसनवारी करावी लागली तर तिच्यावरचे व्याज निराळेच.

केवळ स्वस्त ते घ्यावे, असेही मी म्हणणार नाही. पावसाळ्यात नाले फुगतात, भामरागडकडचा रस्ता बंद पडतो, तेव्हा मोबाइलमधले दुकान आपल्या कामी येत नाही. कामी येतो तो कोपऱ्यावरचा किराणावाला. तो ओळखीवर माल देतो, रात्री दार ठोठावले तर उठतो. त्याच्याकडे दोन रुपये अधिक गेले तर मला वाईट वाटत नाही. मात्र उधारीची वही आपलीही असावी. तो लिहील तेच आपणही लिहावे, आणि महिनाअखेर दोन्ही वह्या शेजारी ठेवाव्यात. चांगला दुकानदार ह्याचा राग मानीत नाही.

एकट्याने घासाघीस करण्यापेक्षा चौघांनी मिळून खरेदी करणे अधिक फायद्याचे, हे शहाणपण इंग्लंडातील रॉचडेल गावच्या अठ्ठावीस कामकऱ्यांनी १८४४ साली जगास दाखविले. पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि थोड्या मेणबत्त्या एवढ्यावर त्यांनी दुकान उघडले. माल शुद्ध आणि वजन चोख. आपल्याकडे मुंबईत नायगावला १९४८ साली ‘अपना बाजार’ निघाला, आणि १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारची कुटुंबे संघ करून महिन्याची मागणी एकत्र नोंदवू लागली व आलेला माल आपसांत वाटून घेऊ लागली. अहेरीत असे का होऊ नये? मृगाच्या आधी एका गल्लीतील पाच घरांनी मिळून तांदळाचे आणि तुरीच्या डाळीचे एकेक मोठे पोते घ्यावे. पंचवीस किलोंहून मोठ्या पोत्यावर तो पाच टक्के कर लागत नाही, ठोक भाव मिळतो, गाडीभाडे पाचांत विभागले जाते. डाळीला ऊन दाखवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ती झाकून ठेवली म्हणजे पावसाळाभर चिंता नाही. वाटणीच्या वेळी तराजू कोणी धरावा, यावर कदाचित वाद होईल. माझे मत विचाराल तर तो सातवीतल्या मुलीच्या हाती द्यावा, आणि वही तिच्या धाकट्या भावाकडे.