रिचर्ड की रिशार?

गेल्या वर्षी तालुक्याच्या वक्तृत्वस्पर्धेत माझ्या वर्गातली एक मुलगी सिंहहृदयी रिचर्डवर बोलली. बोलली छानच. पण परीक्षक म्हणून आलेल्या, फ्रेंच शिकलेल्या एका गृहस्थांनी भर सभेत तिला उभे केले. "हा राजा फ्रेंच बोलणारा. त्याला 'रिचर्ड' म्हणणे म्हणजे इंग्रजांचे उष्टे. खरा उच्चार 'रिशार'!" पाच गुणही कापले. मुले हसली. पोरगी मान खाली घालून बसली.

मी मॅट्रिक झालेला मास्तर. तेव्हा गप्प राहिलो. आज राहवत नाही.

राजा फ्रेंच बोलणारा, हे खरेच. 1189 साली तो इंग्लंडच्या गादीवर आला, पण दहा वर्षांच्या राज्यात जेमतेम सहा महिने तिथे राहिला; देहही फ्रान्सातच, फोंतव्रोच्या मठात पुरला. पण महाराज, बाराव्या शतकातले फ्रेंच म्हणजे आजच्या पॅरिसचे नव्हे! त्या काळी त्या भाषेत आपल्या 'चहा'तला च होता. त्याचा श झाला तो तेराव्या शतकात. शब्दाअखेरची व्यंजनेही तेव्हा गिळीत नसत. म्हणजे राजाचे नाव 'रिचार्त' असे काहीसे ऐकू येई. हा च 1066 नंतर नॉर्मनांबरोबर इंग्लंडात गेला. इंग्रजांनी तो जपला, फ्रेंचांनी घरचा घालवला. चार्ल्सची कथा हीच. जॉनचा ज देखील जुन्या 'जेहान'चाच. मग उष्टे कसले?

गंमत म्हणजे जुन्या फ्रेंचात 'चमचा'तला च देखील होता. व्हिन्सेंट नावात आज जिथे स आहे, तिथे तो असे. चहा आणि चमचा दोन्ही ज्याच्या जिभेवर, त्या मराठी पोराला ही नावे पॅरिसकरापेक्षा सोपी जावीत!

गृहस्थांची एक बाजू मान्य. ऑर्लेआँची वीरकन्या 1429 सालची. तोवर ज घासून मऊ झाला होता. तिला इंग्रजी 'जोन' म्हणण्यापेक्षा 'झान' म्हणणे बरे. (तिची सही मात्र जुन्या वळणाची, मधे ह असलेली, तो ह मुका.)

पण मग पहिल्या फ्रान्स्वाचे काय? तो 1515 साली गादीवर बसला तेव्हा शिष्ट लोक त्या नावाच्या शेवटी 'वा' नव्हे, 'वे' म्हणत. 'फ्रान्स्वा' म्हणणाऱ्या अख्ख्या पॅरिसचे गुण हे गृहस्थ कापणार काय?

ती मुलगी यंदा पुन्हा बोलणार आहे. विषय तोच, आणि राजा रिचर्डच.