मुका कीबोर्ड, बोलका डबा

मुलांनो, आवाज नसलेला कीबोर्ड कधी पाहिलाय का? आमच्या शाळेत एक आहे. कुणीतरी भेट दिलेला. पट्ट्या सगळ्या शाबूत, दिवेही लागतात, पण आतला आवाजाचा भाग केव्हाच निकामी झालाय. दोन वर्षं तो कपाटावर नकाशांच्या गुंडाळ्यांखाली पडून होता. यंदा स्नेहसंमेलन तोंडावर आलं आणि नेमकं शाळेच्या पेटीच्या भात्याला उंदरांनी भोक पाडलं. आता समूहगीताला साथ कशाची करायची?

चौथीतली एक मुलगी पेटी छान वाजवते. दुसऱ्या दिवशी ती जुन्या टॉवेलात गुंडाळलेला एक काळा डबा घेऊन आली. तिचे बाबा पूर्वी वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवायचे, आता रिक्षा चालवतात. "बाबा म्हणाले, बाईंना सांग, चालला तर वापरा, नाहीतर भंगारात द्या." हे सांगताना तिनं डबा काही हातातून सोडला नाही.

या डब्याला म्हणतात साउंड मोड्युल. कीबोर्डात खरं तर दोन कामं चालतात. कुठली पट्टी दाबली ते ओळखणं हे एक आणि त्याप्रमाणे आवाज काढणं हे दुसरं. मोड्युल म्हणजे नुसतं दुसरं काम करणारा डबा. त्याला पट्ट्या नाहीत आणि आमच्या कीबोर्डाला आवाज नाही. म्हणजे आंधळ्या-पांगळ्याच्या गोष्टीतली जोडीच की!

दोघांना जोडते ती मिडी नावाची वायर. तिच्या टोकाला पाच पिना असतात. मागच्या बाजूला तीन गोल भोकं होती : इन, आउट आणि थ्रू. मी काय केलं असेल? कीबोर्डाच्या 'इन'मधून निघालेली वायर डब्याच्या 'इन'मध्ये खुपसली. सारख्याला सारखं, असा माझा सरळ हिशोब! डबा ढिम्म. वर्गातला एक जण लगेच म्हणाला, "बाई, भंगारच आहे." त्या मुलीनं नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मग डोकं चालवलं. पत्र ज्या घरातून निघतं ते 'आउट' आणि ज्या घरात पोचतं ते 'इन'. कीबोर्डाच्या आउटमधून डब्याच्या इनमध्ये वायर घातली. पट्टी दाबली की डब्याच्या पडद्यावर रेघा नाचायला लागल्या, पण आवाज नाहीच! कारण डब्याला स्वतःचा स्पीकर नसतो. त्याच्या पाठीवर डावा-उजवा अशी आवाजाची वेगळी भोकं असतात. तिथून दुसरी वायर स्पीकरला न्यावी लागते, किंवा सरळ हेडफोन लावायचा.

इथेच खरी गंमत आहे. मिडीच्या वायरमधून आवाज जातच नाही! जातो तो फक्त निरोप. एक पट्टी दाबली की तीन आकडे निघतात. पहिला सांगतो, 'पट्टी दाबली, अमुक नंबरच्या चॅनलवर.' दुसरा सांगतो कुठली पट्टी. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक ६१, पांढरी दोन ६२. तिसरा सांगतो पट्टी किती जोरात दाबली : १ म्हणजे अगदी हळू, १२७ म्हणजे दणकून. बोट उचललं की पुन्हा निरोप : 'सोडली.' सेकंदाला ३१,२५० ठिपके या वेगानं हे सगळं धावतं, म्हणजे एका स्वराचा निरोप सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात पोचतो. डब्याच्या दाराशी तर आणखी मजा. तिथे एक चिमुकला दिवा लुकलुकतो, समोरचा एक इलेक्ट्रॉनिक डोळा ते लुकलुकणं वाचतो, आणि मगच निरोप आत जातो. त्यामुळे एका यंत्रातली वीज दुसऱ्यात शिरून खरखर होत नाही.

ही निरोपांची भाषा अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकारानं ठरली. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं या वायरनं जोडून दाखवली गेली. त्याआधी एका कंपनीचं वाद्य दुसऱ्याशी बोलायचं म्हणजे कठीणच काम. दोघांना २०१३ साली तांत्रिक कामगिरीचं ग्रॅमी मिळालं. आज ही भाषा संगणकाच्या साध्या यूएसबी वायरमधूनही जाते.

आता आमची फजिती ऐका. स्पीकर लावला आणि त्या मुलीनं पांढरी एक दाबली. आवाज आला, 'टुक्'! काळी एक दाबली, 'टक्'! पुढे वरच्या सप्तकातली पांढरी एक दाबली तर पीटीच्या सरांसारखी लांबलचक शिट्टी! वर्ग हसून लोळायचा बाकी होता. ती मात्र रडकुंडीला आली.

पण दोस्तांनो, डबा बिघडलाच नव्हता, तो अगदी आज्ञाधारकपणे वाजत होता. मिडीत १६ चॅनल असतात. १९९१ साली 'जनरल मिडी' नावाचा नियम झाला, त्यात दहावा चॅनल तालवाद्यांसाठी राखून ठेवला. त्या चॅनलवर ६० म्हणजे छोटा बोंगो, ६१ म्हणजे मोठा बोंगो आणि ७२ म्हणजे लांब शिट्टी. आमचा कीबोर्ड कुणीतरी पूर्वी दहा नंबरवर लावून ठेवला होता. तो एकवर आणला, डब्यात आवाज क्रमांक १ निवडला, आणि पियानो घुमला. वर्ग एकदम गप्प. (काही डब्यांत मोजणी शून्यापासून असते. तिथे एक नंबरचा पियानो शून्यावर सापडतो.)

त्या नियमात १२८ आवाज आहेत. १०५ वर सतार, ११२ वर सनई. २१ वर रीड ऑर्गन आहे, तो आपल्या पेटीचाच मावसभाऊ! मी म्हटलं, "मग तोच लाव की." ती म्हणाली, "नको बाई, बाबा पियानोच लावायचे."

पण पेटीवाल्या बोटांना पियानो सोपा जात नाही. पेटीत भाता चालू असेपर्यंत स्वर टिकतो. पियानोत तारेवर हातोडी पडते आणि स्वर हळूहळू विरतो. पट्टी धरून ठेवली तरी विरायचा तो विरतोच. शिवाय पेटीची पट्टी हळू दाबा की जोरात, फरक भात्यानं पडतो. इथे मात्र तिसरा आकडा आहे ना! ती सगळे स्वर सारखेच ठोकायची, त्यामुळे गाणं शाळेच्या घंटेसारखं वाजायचं. दोन दिवस तिला एकच ओळ आधी कुजबुजत आणि मग मोठ्यानं वाजवायला लावली.

मग पायाचं पेडल. ते दाबलं की बोट उचलल्यावरही स्वर रेंगाळतो. तिला ते इतकं आवडलं की पाय उचलेचना! डब्याला एका वेळी २४ आवाजच काढता येतात. त्यापुढे गेलं की तो आधीचे स्वर गुपचूप गाळतो, आणि त्याआधीच सगळ्याची खिचडी होते. ओळ बदलली की पाय उचल, असं ठरवलं. पेडलची वायर मात्र कीबोर्ड सुरू करायच्या आधी लावा. नंतर लावली तर काही कीबोर्डांत उलटंच होतं : पाय उचलला की स्वर रेंगाळतो!

एक अडचण उरली. गाणं तिचं काळी एकमध्ये बसलेलं आणि मुलांचा गळा काळी दोनमध्ये खुलायचा. पेटीवर सगळी बोटं बदलावी लागली असती. इथे ट्रान्सपोझचं बटण दोनदा दाबलं. ती दाबते ६१, डब्याला पोचतो ६३. बोटं तीच, सूर नवा.

पालकांना दोन गोष्टी सांगते. जुन्या डब्याला हाताला येईल तो अडॅप्टर लावू नका. त्यावरचे व्होल्ट आणि अधिक-उण्याची खूण डब्यावरच्या खुणेशी ताडून पाहा. आणि स्पीकर सगळ्यात शेवटी सुरू करा, बंद करताना सगळ्यात आधी. नाहीतर 'धप्प' असा आवाज होऊन स्पीकर जायची भीती.

संमेलनाच्या दिवशी दुसऱ्या कडव्यात तिचा एक स्वर चुकला. पेडल मात्र प्रत्येक ओळीला वेळेवर उठलं. तिचे बाबा खाकी शर्टातच मागच्या दाराशी उभे होते. कार्यक्रम संपल्यावर मी घाईघाईनं वायर कोपरावर गुंडाळत होते, तर ते रंगमंचावर आले.

"अशी नाही, बाई. आतून पीळ बसतो," म्हणाले, आणि माझ्या हातातून वायर घेऊन त्यांनी ती एकेक वेढा सैल सोडत गोल गुंडाळली. मग मुलीला विचारलं, "टॉवेल कुठंय गं?"